प्रयोगशाळेतली काळी टाकी

मला मरता फार छान येत असे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाटक कुठलंही असो, त्यात मरायचं काम माझ्याकडे. विष पिऊन, गोळी लागून, क्षयानं खोकत, प्रेमभंगानं झुरत. कसंही सांगा, मी मरून दाखवायचो. एका वर्षी तर मी इतका वेळ मेलो, की पडदा ओढणारा माणूस कंटाळून चहा प्यायला निघून गेला. मग मलाच उठून पडदा ओढावा लागला आणि त्या रात्री सर्वांत जास्त टाळ्या त्या पडदा ओढण्यालाच पडल्या.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या या कलेचा मोठा वाटा आहे.

पोटासाठी मात्र मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो. सत्तरचं दशक होतं. नागपुरातल्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर. मुलं प्रयोग करत असताना त्यांच्या मागून फिरायचं, कुणाचं द्रावण निळं व्हायला हवं होतं ते हिरवं का झालं हे सांगायचं आणि कुणाचा शर्ट पेटला तर ओरडायचं. नोकरी हंगामी. उन्हाळ्यात संपायची, जुलैत पुन्हा मिळाली तर मिळाली.

तिकडे सावनेरला माझ्या काकांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून दुकानाला वारस मी, हे त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. एवढंच नव्हे, माझ्यासाठी त्यांनी एक सागवानी खुर्चीही करून घेतली होती. वेताची बैठक, रुंद हात, पाठीला उशी. आमच्या गल्लीत राहणारा एसटीचा एक कंडक्टर सावनेरच्या फेरीवर असायचा. महिन्यातून एकदा तरी तो घरासमोर सायकल थांबवून हाक मारायचा, "काकानं सांगतलं, खुर्ची तयार हाये!"

मला ती खुर्ची स्वप्नात दिसायची. खुर्ची वाईट नव्हती हो. पण तिच्यात बसून दिवसभर युरियाच्या पोत्यांकडे बघायचं, एवढंच माझं आयुष्य राहणार होतं. इथे प्रयोगशाळेत रोज साठ मुलं समोर असायची. साठ प्रेक्षक, आणि एकालाही हजेरीमुळे उठून जाता येत नाही! असं नशीब कोण सोडतो?

त्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं. सर अत्यंत सज्जन, अत्यंत घाबरट आणि छापलेल्या प्रत्येक अक्षरावर विश्वास ठेवणारे. दार लावून घेत ते म्हणाले, "आपल्याला एम. एस्सी.चे वर्ग मिळताहेत. म्हणजे मिळू शकतील. मिळाले की एक जागा कायम होईल. ती तुमची."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो.

"थांबा. आधी विद्यापीठाची समिती येणार आहे. अध्यक्ष एक बाई आहेत. सुरक्षिततेच्या बाबतीत फार कडक. मागे एका कॉलेजात त्यांनी एका मुलाला तोंडानं पिपेट ओढताना पाहिलं, तर तिथूनच रिक्षात बसून परत गेल्या. त्या कॉलेजला अजून वर्ग मिळालेले नाहीत. म्हणून आजपासून आपल्या प्रयोगशाळेची सुरक्षितता तुमच्याकडे."

"माझ्याकडेच का, सर?"

"तुमचा आवाज मोठा आहे," सर म्हणाले.

तर आता त्या वेळची आमची सुरक्षितता कशी होती ते ऐका. पिपेट म्हणजे काचेची बारीक नळी. तिच्यात द्रावण ओढून मोजायचं, आणि ओढायचं ते तोंडानं, सरबत ओढतात तसं. जरा जास्त जोर लागला की द्रावण तोंडात. मी स्वतः इतकी रसायनं चाखली होती, की डोळे मिटून कॉस्टिक सोड्याची तीव्रता सांगू शकलो असतो. ॲप्रन एकच होता आणि तो फोटो काढायच्या दिवशी आळीपाळीनं घालायचा. आणि चहा बीकरमध्ये व्हायचा, बर्नरवर.

हा चहा करायचे मामा. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. तीस वर्षं त्यांनी त्याच खोलीत काढली होती. कुठली बाटली कुठे, कुठला नळ गळतो, कुठल्या मुलाला चक्कर येणार, हे त्यांना आधीच ठाऊक असे. चहाच्या बीकरच्या गळ्याला त्यांनी लाल दोरा बांधला होता. लाल दोऱ्याच्या बीकरमध्ये तीस वर्षांत चहाखेरीज थेंब पडला नव्हता आणि दुसऱ्या कुठल्याही बीकरमध्ये तीस वर्षांत चहा झाला नव्हता. खरं सांगायचं तर त्या प्रयोगशाळेत पाळला जाणारा एकमेव सुरक्षा-नियम हाच होता. मी कामाला लागलो आणि पहिला तोच मोडीत काढला. मोठ्या अक्षरांत फलक रंगवून घेतला. नियम एक: प्रयोगशाळेत खाणेपिणे बंद.

मामांनी फलक वाचला, लाल दोऱ्याचा बीकर धुतला आणि कपाटात उपडा घालून ठेवला. काही बोलले नाहीत. मामा बोलले नाहीत की काळजी करावी, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग मी बादल्यांकडे वळलो. आग विझवायला वाळूनं भरलेल्या चार लाल बादल्या भिंतीला ओळीनं ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या दोन बादल्यांवर पिण्याच्या पाण्याचे दोन माठ बसवलेले होते, कारण ओल्या वाळूवर माठ ठेवला की पाणी गार राहतं. तिसऱ्या बादलीत कोथिंबीर उगवली होती. चौथीबद्दल एवढंच सांगतो, की मामांना पान खायची सवय होती.

"मामा, हे माठ काढा," मी म्हणालो. "सुरक्षेची वाळू कोरडी पाहिजे. उद्या सोडियम पेटलं आणि त्यावर ही ओली वाळू टाकली, तर भडका होईल भडका!" भडका कसा होईल, हे मी दोन्ही हात वर फेकून करून दाखवलं.

मामा शांतपणे म्हणाले, "सोडियम तर कपाटात कुलूपबंद हाये. चावी मोठ्या सायेबापाशी. मोठे सायेब सुट्टीवर. पेटवते कोन?"

"नियम म्हणजे नियम."

"काढतो, लहाने सर," मामा म्हणाले. सरांना ते मोठे सायेब म्हणत आणि मला लहाने सर. त्यात मान किती आणि माप किती, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माठ दिसेनासे झाले. मी खूष झालो. ते गेले कुठे, हे पाहायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष आता शॉवरकडे लागलं होतं.

हा शॉवर म्हणजे आमच्या सुरक्षिततेचा मुकुटमणी होणार होता. सरांना ग्रंथालयात एक परदेशी पुस्तक सापडलं होतं. कुठल्यातरी बर्फाळ देशातलं. त्यात चित्र होतं: प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात डोक्यावर एक मोठी झारी, शेजारी लोंबणारी साखळी. अंगावर ॲसिड सांडलं की धावत जायचं, साखळी ओढायची आणि पंधरा मिनिटं पाण्याखाली उभं राहायचं. साखळी एकदा ओढली की पाणी सुरूच राहतं, म्हणजे भाजलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे. विदर्भात कुठल्याच कॉलेजात असं काही नव्हतं. आम्ही गच्चीवर लोखंडी टाकी बसवली, तिथून उघड्यावरून पाइप आणला आणि झारी लावली.

पहिली चाचणी जानेवारीत झाली, सकाळी साडेसात वाजता. चाचणीचा माणूस अर्थातच मी. सर समोर स्टॉपवॉच घेऊन उभे. मी साखळी ओढली. नागपूरची जानेवारीतली सकाळ, रात्रभर गच्चीवर थंडीत पडलेलं पाणी! ते डोक्यावर पडलं आणि माझा आवाजच गेला. तीन दिवस ताप आला. चौथ्या दिवशी कामावर आलो, तर सर पुस्तक उघडून बसलेले.

"हे पाहा," ते आनंदानं म्हणाले, "यात उपाय दिलेला आहे. पाणी फार थंड होऊ नये म्हणून टाकी गडद रंगानं रंगवावी आणि ती दिवसभर उन्हात राहील अशी ठेवावी."

तसं खरंच छापलेलं होतं. त्याच्या आधी 'थंड प्रदेशात' असेही दोन शब्द होते. सर म्हणाले, "थंडीच तर आहे."

गच्चीवर टाकीला डांबरासारखा काळाकुट्ट रंग देणं सुरू झालं, तेव्हा मामा शिडी धरायला वर आले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मोठे सायेब, हे टाकी काळी काहून करून राहिले?"

"पुस्तकात आहे, मामा."

"पुस्तकात मे महिना हाये का?"

सर म्हणाले, "मामा, तुम्ही शिडी धरा." आणि मी हसलो. मामांना हसलो. ते हसणं मला आजही आठवतं, कारण पुढे त्याची पुरेपूर परतफेड झाली.

समिती फेब्रुवारीत यायची होती. पण एका सदस्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मार्चमध्ये परीक्षा आल्या. एप्रिलमध्ये कोणी आजारी पडलं. इकडे दर सोमवारी सकाळी साडेसातला मी साखळी ओढायचो. जसजशी थंडी गेली तसतसं पाणी सुखद होत गेलं. एप्रिलात तर अंघोळीजोगं कोमट. "बघा," सर म्हणायचे, "पुस्तक ते पुस्तक."

तुम्ही विचाराल, नागपुरात जन्मलेल्या माणसाला कळू नये? पण आमच्या घरी विहीर होती. सरांच्या घरी खाली हौद. गच्चीवरची टाकी ही दोघांच्याही आयुष्यातली पहिलीच. आणि आमची चाचणी नेहमी सकाळी. मे महिन्यातल्या दुपारी त्या टाकीला हात लावायचं कारण कुणाला कधी पडलंच नव्हतं.

अखेर समितीची तारीख आली आणि ती आली नेमकी नवतप्यात. मेच्या अखेरीला जे नऊ दिवस नागपूरकर खिडक्या बंद करून, जमिनीवर ओला पंचा टाकून काढतात, त्यांतला एक दिवस. वेळ सकाळी आठची. माझी हंगामी नोकरी संपली होती, तरी मी सुट्टीवर गेलेली पंधरा मुलं घरोघरी फिरून गोळा केली, प्रत्येकाला ॲप्रन, प्रत्येकाच्या पिपेटला रबरी फुगा.

आणि खास कार्यक्रम माझा! समितीसमोर खोटा अपघात. मी हातावर ॲसिड सांडून घेणार, किंचाळणार, धावत जाऊन शॉवरखाली उभा राहणार; सर स्टॉपवॉच लावून सगळी पद्धत समजावून सांगणार. ॲसिड खोटं, अर्थातच. कोऱ्या चहाचा रंग जुन्या सल्फ्युरिक ॲसिडसारखा दिसतो. मामांनी तो करून दिला, आणि तो लाल दोऱ्याच्या बीकरमध्येच हवा असा मीच आग्रह धरला. बाकी कुठल्या बीकरवर माझा विश्वास नव्हता.

आठ वाजले. नऊ वाजले. दहाला स्टेशनवरून निरोप आला, की गाडी लेट आहे. बारा वाजता मुलांनी ॲप्रनच्या टोप्या करून डोक्याला बांधल्या. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शेवटी अडीच वाजता एक रिक्षा आली आणि तिच्यातून डोक्याला पांढरे पंचे गुंडाळलेले तीन जण उतरले. पुढे बाई. बारीक, उंच, चष्म्याआड बारकाईनं बघणारे डोळे. मागे दोन सदस्य, त्यांतले एक चांगले गोलमटोल.

"आधी थोडं पाणी..." सर म्हणाले.

"आधी प्रयोगशाळा," बाई म्हणाल्या.

मी कोपऱ्यात डोळे मिटून उभा होतो. तेवढ्यात मामा जवळ आले. "लहाने सर, आयका. ते पानी..."

"मामा, आत्ता नाही."

"अहो, टाकी सकाळपासून..."

"मामा! मी भूमिकेत शिरून राहिलोय!"

मामांनी माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं. "शिरा," ते म्हणाले आणि गेले.

आणि मग, वाचकहो, मी सुरू झालो. चहा डाव्या दंडावर ओतला. बीकर टेबलावर आदळला. "ॲसिड! आई गं! ॲसिड!" अशी किंकाळी फोडली, की गोलमटोल सदस्य स्टुलाला धरून उभे राहिले. दोनदा स्वतःभोवती गिरकी घेतली, कारण मागच्या ओळीतल्या मुलांनाही दिसलं पाहिजे. सर ओरडले, "शॉवर!" मी धावलो. साखळी ओढली.

पहिलं पाणी आलं ते पाइपातलं. गच्चीवरच्या उघड्या लोखंडी पाइपात सकाळपासून तापत पडलेलं. त्यानंतर आलं ते काळ्या टाकीतलं.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी त्याआधी कुठल्याही नाटकात काढला नव्हता. "मेलो वं माय!" असं ओरडत मी एका उडीत बाहेर आलो.

सर ओठ न हलवता पुटपुटले, "आत जा. पंधरा मिनिटं."

"सर, उकळतंय!"

"आत जा हो. बाई बघताहेत. तुमची जागा..."

जागा म्हटल्याबरोबर मला सावनेरची खुर्ची दिसली. वेताची बैठक, पाठीला उशी. मी पुन्हा आत गेलो. एक पाय आत, एक पाय बाहेर. खांदा आत, खांदा बाहेर. साखळीवरचा दांडा ढकलून पाणी बंद करायला हात वर केला, तर हातावर धार. मागून एक मुलगा म्हणाला, "सर आज लयच रंगले बाप्पा!" गोलमटोल सदस्यांनी तर टाळ्या वाजवल्या. "वा! काय जिवंत अभिनय!"

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पुढे आल्या, झारीच्या धारेखाली एक बोट धरलं आणि चटकन मागे घेतलं. मग स्वतःच साखळीवरचा दांडा ढकलून पाणी बंद केलं.

"थर्मामीटर," त्या म्हणाल्या.

रसायनशास्त्राच्या खोलीत थर्मामीटरला काय तोटा? चार मुलं चार थर्मामीटर घेऊन धावली. जमिनीवर साचलेल्या पाण्यात बाईंनी एक बुडवला आणि वाचला. पारा किती होता ते त्यांनी सांगितलं नाही. थर्मामीटर सरांच्या हातात दिला. सर पांढरे पडले.

"बाई, पुस्तकाप्रमाणे..."

"ॲसिडनं अर्धा भाजलेला मुलगा," बाई म्हणाल्या, "या पाण्यात पुरता शिजेल."

एम. एस्सी.चे वर्ग गेले, हे त्या एका वाक्यात सगळ्यांना ऐकू आलं. माझे खांदे आणि मान लालभडक झाली होती आणि मी हुं हुं करत होतो. पण आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं, कारण आता हे नाटक नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

"सरका बाप्पा, सरका!"

मामा होते. खोलीच्या टोकाला दोन धूर-कपाटं होती. काचेच्या सरकत्या दाराची, वर बाहेर हवा फेकणारा पंखा; विषारी वायू निघणारे प्रयोग त्यांत करायचे. त्यांतलं दुसरं कपाट आल्यापासून रिकामंच होतं. गॅसची नळी त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. मामांनी त्याचं दार वर सरकवलं. आत ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, ओल्या वाळूवर बसवलेले दोन माठ होते आणि त्यांच्यावरून पंख्याची हवा वाहत होती. नवतप्यात अख्ख्या नागपुरात याहून गार पाणी नसेल.

"बसा खाली. हात पुढं. हलू नका," मामा म्हणाले आणि लोट्यानं माझ्या खांद्यावर बारीक धार धरली.

"मामा, मी मेलो..."

"मरून दाखवाले मंग बी टाइम भेटन. आता बसा चुपचाप."

ती धार! मी आजवर पुष्कळ बक्षिसं घेतली, पण तसं सुख दुसरं नाही. बाईंनी सरांच्या हातातलं स्टॉपवॉच काढून घेतलं आणि स्वतः चालू केलं. पहिला माठ संपला, दुसरा संपला. मामांनी एका मुलाकडे पाहून नुसती मान हलवली, तसा तो व्हरांड्यातून तिसरा माठ घेऊन आला. तिसरा माठही होता! मला आजच कळत होतं. पंधरा मिनिटं पुरी झाल्यावर बाईंनी स्टॉपवॉच बंद केलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी मामांना विचारलं.

"माय हात भाजला की थंड्या पान्याखाली धरे. त्याले शिकाचं काय?"

"आणि धूर-कपाटात पाणी कुणी ठेवलं?"

आता आली का पंचाईत! नियम एक, माझ्याच अक्षरांत, बाईंच्या डोक्यामागे लटकत होता. सर घसा खाकरू लागले. मामाच बोलले. "म्याच ठेवलं. या लहान्या सरानं माठ काढाले सांगतलं होतं. म्या बादल्यांवरून काढले अन् इथं ठेवले. यायचा दोष नाई."

बाईंनी कपाटात डोकं घालून वास घेतला, कोपरे पाहिले, गॅसच्या नळीचं रिकामं भोक पाहिलं. मग टेबलावरचा लाल दोऱ्याचा बीकर उचलला. त्याचाही वास घेतला.

"हे सल्फ्युरिक?"

"हो, बाई," मी खालूनच म्हणालो.

"पत्ती चांगली आहे."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "दुपारी हे पाणी तापतं, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं?"

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते. 'नाही' म्हणणं सोपं होतं. समिती आमच्या पुस्तकावर चिडली असती, आमच्यावर कमी. पण अंगावर मामांचं पाणी अजून ओघळत होतं आणि ओल्या अंगानं खोटं बोलवेना.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मामांनी. जानेवारीत, टाकी रंगवताना. मी त्यांना हसलो. आजही सांगायला आले होते, मी ऐकलं नाही."

"का?"

"मी भूमिकेत शिरत होतो."

बाईंनी वही काढली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग मामांना म्हणाल्या, "आता मलाही एक पेला पाणी द्या." मामांनी लोटा पुढे केला. बाई तो घेऊन व्हरांड्यात गेल्या, उंबऱ्याबाहेर उभं राहून प्यायल्या आणि रिकामा लोटा परत आणून दिला. "प्रयोगशाळेत मी पाणी पीत नाही," एवढं बोलून त्या रिक्षात बसल्या. मागच्या कॉलेजातूनही त्या रिक्षात बसूनच गेल्या होत्या, हे आठवून सर खाली बसले.

पुढचा महिना मी पाठीला मलम लावून पालथा झोपून काढला. कंडक्टर दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "काकानं सांगतलं, खुर्चीले नवी उशी लावली. भाजल्यावर टोचन नाई अशी." नागपूरची बातमी सावनेरला एसटीहून आधी पोचलेली होती. मी आईला म्हटलं, माझी ट्रंक काढून ठेव.

जूनच्या शेवटी सरांनी बोलावलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं. वर्ग मिळाले होते! अटी तीन होत्या. टाकी पांढरी रंगवून तिच्यावर छप्पर घालावं आणि दुपारच्या पाण्याचं तापमान रोज नोंदवावं. सुरक्षिततेचं काम कायम नेमणुकीच्या माणसाकडेच असावं, आणि आहे त्याच माणसाकडे राहावं, कारण पाणी किती गरम असतं हे त्याला पुरतं कळलं आहे.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "प्रयोगशाळेत कुठलीही नवी वस्तू बसवण्याआधी परिचरांचं मत घ्यावं आणि त्यांची सही घ्यावी."

त्या दिवसापासून माझी नोकरी कायम झाली आणि माझे साहेब बदलले. अग्निशामक घ्यायचा, मामांची सही. नवा फलक लावायचा, मामांची सही. मामा सही करायला पुष्कळ वेळ घेत. कागद दूर धरून बघत, मग विचारत, "पुस्तकात हाये का हे?"

काकांनी बातमी ऐकली आणि आठवडाभर काहीच कळवलं नाही. मग एके सकाळी कॉलेजच्या फाटकाशी सावनेरची एसटी थांबली आणि कंडक्टरनं टपावरून दोरी सोडून ती खुर्ची खाली उतरवली. सागवानी, वेताची, नव्या उशीची. सोबत चिठ्ठी होती: "तू येत नाहीस, तर हीच येते. सांभाळून बस."

माझे डोळे भरून आले. मी ती स्वतः उचलून प्रयोगशाळेत नेऊ लागलो. दारात मामा उभे.

"हे काय?"

"माझी खुर्ची, मामा. काकांनी पाठवली."

"नवी वस्तू हाये," मामा म्हणाले. "सही लागन. अन् तुमच्याच फलकावर लिवलं हाये, प्रयोगशाळेत खुर्ची नको, पळाले अडते म्हणून."

लिहिलं होतं खरं. नियम नऊ, माझ्याच हस्ताक्षरात.

मामांनी खुर्ची माझ्या हातातून घेतली, व्हरांड्यात त्या तिसऱ्या माठाशेजारी सावलीत ठेवली, पंच्यानं पुसली आणि तिच्यात बसले. पाठ टेकली. उशी दाबून पाहिली.

"मग? करता का सही?" मी विचारलं.

"थांबा न. तपासून राहिलो," मामा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ती तपासणी मामा निवृत्त होईपर्यंत चालली.